ताणावर मोजलेलं जाजम

आमच्या थोरल्या जाऊबाई बुरमाकान वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मागावर बसल्या, तेव्हा त्यांना सगळ्यांत आधी कोण हसलं असेल, तर मी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज नको. माझं नाव कलिपा. कोचकोरच्या बाजारात माझं कापडाचं दुकान आहे आणि माझं तोंड कसं आहे ते बाजाराला विचारा. आमचं गाव बाजारापासून वर, डोंगराच्या अंगाला. दोघी सख्ख्या जावांची एकाच अंगणात दोन घरं, मधून पाट वाहतो, पाटाच्या कडेला चार पॉप्लरची झाडं. तीस वर्षांत आमचं एकदाही भांडण झालं नाही. मी बोलायचे आणि त्या ऐकायच्या, मग भांडण होणार कसं?

ऐकणं हाच त्यांचा धंदा होता म्हणा ना. एकतीस वर्षं त्या टेलिफोनच्या कचेरीत होत्या. कानाला ते यंत्र लावलेलं, समोर भोकांची फळी, आणि दिवसभर ‘नारिन देते, थांबा’, ‘शहर लागत नाही, थांबा’. सगळ्या जिल्ह्याची जन्ममरणं त्यांच्या कानातून गेली. कुणाची कुजबुज कधी बाहेर पडली नाही. मी असते तर दुसऱ्या दिवशी गावात अर्ध्या लोकांचं एकमेकांशी बोलणं बंद झालं असतं. मग लोकांच्या खिशात मोबाईल आले, कचेरीला कुलूप लागलं, जाऊबाई घरी बसल्या. पण कानातली घंटी काही घरी बसली नाही. उठताबसता ती वाजायची. जेवताना मधेच घास हातात धरून त्या थांबायच्या. हात कापायचे, चहा बशीत सांडायचा. नारिनच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं की याला औषध तसं काही नाही. हाताला निवांत काम द्या, विणा, शिवा, काहीही करा, मनाला विसावा मिळाला की बरं वाटेल.

मी म्हटलं, दुकानात येऊन बसा, गिऱ्हाइकांच्या कटकटीत घंटी ऐकूच येणार नाही. त्या हसल्या. दुसऱ्या दिवशी पाहते तर सासूबाईंचा माग पडवीतून बाहेर काढलाय.

सासूबाई गेल्यापासून तो तिथेच पडून होता. माग म्हणजे तरी काय, दोन जाडजूड खुंट, तीन काठ्यांची तिवई, धागे उचलायची दोरी गुंडाळलेली एक काठी आणि विणलेलं ठोकून घट्ट बसवायचं लाकडी पातं. त्या पात्याला आम्ही तलवार म्हणतो. सासूबाईंच्या हातात ती तलवारच शोभायची. माग सोडून आमच्या पाठीवरही तिचा उपयोग झालेला आहे. पेटीत त्यांनी कातून ठेवलेल्या लोकरीचे गोळे होते, तपकिरी, पांढरे, करडे, चांगला कडक पीळ दिलेले. जाऊबाईंनी पाटाच्या कडेने दोन खुंट ठोकले आणि ते सगळे गोळे एका ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, लावून टाकले. केवढा लांब ताणा! बारा वाव. दोन्ही हात फैलावले की एक वाव, असे बारा. शेवटचा खुंट माझ्या कोंबड्यांच्या खुराड्यापाशी आला.

मी म्हटलं, “ताई, कुणाच्या रुखवताचं एवढं?”

“कुणाच्या नाही गं,” त्या म्हणाल्या. “लांब लावलाय, म्हणजे पुष्कळ दिवस पुरेल.”

आता याला काय म्हणायचं? आमच्याकडे माग लागला की तो कुणासाठी तरी लागतो. मुलीसाठी, सुनेसाठी, नातवाच्या पाळण्यासाठी, नाहीतर विकायला. जाऊबाईंना एकच मुलगा, उलारबेक, तो मॉस्कोत गाडी चालवतो आणि लग्नाचं नाव काढलं की फोन ठेवतो. दीर वैशाखापासून मेंढ्या घेऊन वर कुरणात. तेव्हा कुणासाठी नाही म्हणजे गावाने काय समजायचं? कुणी म्हणालं, परदेशी पाहुण्यांची मागणी आली असेल. कुणी म्हणालं, उलारबेकने गुपचूप रशियन मुलगी केली असेल. शेजारची उमसुन म्हणाली की निवृत्तीनंतर माणसाचं असं होतं, तिचा मामा बुद्धिबळातल्या प्याद्यांशी एकटाच बोलायचा. मी त्यात माझा मीठमसाला घातलाच. दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचे, आमच्या जाऊबाई आता शाळेत जातात, पहिलीत आहेत, रोज दोन ओळी लिहितात आणि एक खोडतात.

ते खोटंही नव्हतं. लहानपणी आईकडे थोडंफार शिकलेलं, बाकी सगळं विसरलेलं. त्या जमिनीवर बसायच्या, खाली घोंगडीचा तुकडा, डोक्याला पांढरा रुमाल. दोरी वर, आडवा धागा आत, तलवारीने ठोका, पुन्हा. चुकलं की उसवायच्या. कधी न चुकताही उसवायच्या. सकाळी हातभर विणलेलं दुपारी चार बोटं राहायचं. आणि चेहरा कसा, तर नुकतंच जेवून उठलेल्या माणसासारखा. एकदा मी पाटावर भांडी घासत होते, तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं. त्या आपणहून कधी काही सांगत नाहीत, म्हणून मला ते लक्षात राहिलं. म्हणाल्या, इथे बसलं की कान गप्प होतात. कपडे वाळत घालायला उठले की पुन्हा सुरू, पण बसलं की गप्प. एकतीस वर्षांत पहिल्यांदा पाटाचं पाणी ऐकलं, म्हणाल्या. मी ‘बरं झालं’ म्हटलं आणि भांडी घासत राहिले.

आमच्याकडे एक रीत आहे. कुणाचा माग लागलेला दिसला तर बाईने तसंच पुढे जायचं नाही. बसायचं, चार ओळी घालायच्या, ‘हात लागो, काम सरो’ म्हणायचं आणि मग जायचं. रस्त्यालगतचं अंगण, त्यामुळे येणारी-जाणारी बसायचीच. उमसुन तर रोज. तिचा हात म्हणजे दगड फोडल्यासारखा, ठोकून ठोकून पार फळी करायची. ती गेली की जाऊबाई इकडे तिकडे बघायच्या आणि तिच्या ओळी हळूच उसवून टाकायच्या. मी माझ्या खिडकीतून पाहिलं. आणि पाहिलं म्हणजे पोटात राहणार थोडंच? संध्याकाळपर्यंत उमसुनच्या कानावर गेलं. महिनाभर तिने पाठ फिरवली. शेवटी जाऊबाई गरम नान घेऊन तिच्या दारात गेल्या आणि सांगून आल्या की तुझ्या हातात खोट नाही बाई, मलाच सगळं माझ्या हाताने करायचं होतं. उमसुनला काही कळलं नाही. मलाही नाही. मी म्हटलं, म्हातारपणी हट्ट करायला लागल्या.

त्या पहिल्या उन्हाळ्यात सगळं मिळून एकच वाव झालं. एक! सासूबाई दोन दिवसांत तेवढं करून स्वैपाकालाही लागायच्या. पण झालं ते मी हात फिरवून पाहिलं, आणि हात दोनदा फिरवला. कुठे घट्ट नाही, कुठे सैल नाही, रेघा सरळ, आणि इतकं मऊ. मी दुकानदार आहे, माल मला कळतो. बोलले मात्र नाही. थंडी पडली तसा त्यांनी ताणा गुंडाळून ठेवला, आणि पुढच्या वैशाखात पुन्हा खुंट ठोकले.

त्याच उन्हाळ्यात माझ्या थोरल्या लेकीचं, आयझिरेकचं ठरलं. मुलगा जुमगालचा, चांगला, शाळेत शिक्षक. पण जुमगालच्या लोकांचं तुम्हाला माहीतच आहे. पाठवणीची गाठोडी त्यांच्याकडे सगळ्यांसमोर सोडतात; बायका एकेक वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करतात, आणि पुढची वीस वर्षं त्याच्यावर बोलतात. मी गाद्या-रजयांची चळत छान केली होती, कापड घरचंच. गालिचा मात्र बाजारातला, कारखान्याचा. विणायला मला वेळ कुठे होता? आषाढात व्याही-विहीण बोलणी पक्की करायला आले. झाडांखाली बैठक घातली. मेंढा कापला, कणकेचे बोरसोक तळले, जाऊबाई सकाळपासून माझ्या चुलीपाशी. जेवणं झाली, चहा सुरू झाला, आणि विहीणबाईंनी, शारिपा त्यांचं नाव, हळूच टाकलं की हल्ली सगळं बाजारचंच झालंय बाई, हातचं आता दिसत नाही. बोलणं मोघम, पण नजर माझ्या घराच्या उघड्या दारातून आत, गालिच्यावर. माझ्या कानशिलाला आग लागली.

मग त्यांचं लक्ष पाटाकडे गेलं. “हा माग कुणाचा?” त्यांनी विचारलं.

मी क्षणभरही थांबले नाही. “आमच्या थोरल्या जाऊबाईंचा. आयझिरेकच्या पाठवणीचं जाजम चाललंय. पाच पट्ट्यांचं.”

जाऊबाई तेव्हा वाकून विहीणबाईंच्याच वाटीत चहा ओतत होत्या. ओतायच्या थांबल्या नाहीत, सांडलंही नाही. वाटी दोन्ही हातांनी पुढे केली. विहीणबाईंनी त्यांच्याकडे बघून कौतुकाने विचारलं, खरंच का हो, पाच पट्ट्यांचं? वीस माणसं बसलेली. जाऊबाई म्हणाल्या, “हो.”

पाहुणे गेल्यावर मी त्यांच्या स्वैपाकघरात गेले. त्या वाट्या विसळत होत्या. खरं तर माफी मागायला गेले होते, पण माफी मागायची मला सवय नाही, म्हणून मी लग्नाच्याच गोष्टी बोलत राहिले. चाळीस दिवस आहेत, अडीच वाव झालेलंच आहे, पाच पट्टे दोन-दोन वावांचे, शेजारी-शेजारी शिवायचे, म्हणजे दहा, सहज होईल. त्यांनी हात पुसले.

“होईल,” त्या म्हणाल्या. “एक सांगू? त्यातला पहिला वाव मला ठेवशील? गेल्या उन्हाळ्याचा. ताणा बारा वावांचा आहे, टोकं सोडली तरी अकरा निघतील. दहा तू घे.”

“काय करणार त्याचं?”

“काही नाही. ठेवीन.”

मी म्हटलं, ताई, एवढंच ना, आयझिरेकची शपथ, तो वाव तुमचा. मुलीची शपथ घेतली मी, आणि ती घेताना मी अगदी मनापासून घेतली होती. ते ऐकून त्यांचा चेहरा किती मोकळा झाला! मला तेव्हाच कळायला हवं होतं की या बाईने तीस वर्षांत माझ्याकडे मागितलेली ही पहिली वस्तू आहे.

मग सुरू झालं काम. त्या उजाडता बसायच्या ते अंधार पडेपर्यंत. उसवणं बंद. मी दुकानातून आले की पर्स ठेवायच्या आधी मागापाशी जायचे, हात फैलावून मोजायचे आणि सांगायचे, आज चार बोटं कमी पडलं, किंवा आज बरं झालं. जसा काही माझ्या दुकानातला नोकर. एकदा त्यांनी मला सांगितलं, “ताणावर मोजू नकोस कलिपा. खुंटावरून सोडलं की लोकर आत ओढते.” मी म्हटलं, अहो ताई, अठरा वर्षं कापड मोजतेय, मला शिकवता? त्या पुन्हा ठोकायला लागल्या. कापड कारखान्याचं असतं, ते मोजलं तेवढंच राहतं. हाताने ताणून विणलेल्या लोकरीचं तसं नाही, हे सासूबाईंची सून असून मी विसरले होते.

पंचवीस दिवसांनी मला धीर निघेना. सहा वाव झालं होतं. मग मी गावातल्या बायकांना हातभाराला बोलावलं, आमच्याकडे बोलावतात तसं. बारा जणी आल्या. काय धमाल झाली! एक उठली की दुसरी बसायची, ठोकाठोक, गाणी, उमसुनचे चावट विनोद, हसून हसून पोटं दुखली. तीन दिवसांत जवळजवळ सगळा ताणा भरला. आणि बारा जणींना जेवूखाऊ कोण घालत होतं? जाऊबाई. त्यांच्या मागावर सगळा गाव बसलेला आणि त्या चुलीशी. पुलाव केला, ताटं आणली, चहा आणला, ताटं नेली. मधे एकदा त्या ताट घेऊन मागापाशी आल्या आणि उमसुनने घातलेल्या ओळींवर वाकल्या. बोटं पुढे गेली, थांबली, मागे आली. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि म्हणाल्या, खाऊन घ्या गं, गार होतंय. मी हे पाहिलं. त्यावर हसलेही बहुतेक.

त्याच दिवसांत त्यांचा हात पुन्हा कापायला लागला होता. चहाची किटली त्या दोन्ही हातांनी धरायच्या. मी विचारलं नाही.

लग्नाला दोन दिवस राहिले असताना आम्ही पट्टा खुंटावरून सोडला. पट्टा कापायचा मान मुलीच्या आईचा. सगळ्या जणी जमलेल्या, गवतावर चादरी अंथरलेल्या, आयझिरेक नवी ओढणी घेऊन बसलेली. खुंट सैल केला, आणि माझ्या डोळ्यांदेखत पट्टा आक्रसला. खूप नाही. जागोजागी थोडा थोडा, बारा हातांच्या बारा तऱ्हा, एकीकडे आत ओढलेला, एकीकडे फुगलेला. मी मोजलं. पुन्हा मोजलं. दहा वाव. टोकापासून टोकापर्यंत, जाऊबाईंचा पहिला वाव धरून, मोजून दहा. अकरा मी ताणावर मोजले होते.

आता मी काय करू शकले असते, ते सांगते, कारण पुढची चार वर्षं मी तेच मोजत बसलेय. चार पट्ट्यांचं जाजम दिलं असतं तर आभाळ कोसळलं नसतं. विहीणबाई चार दिवस बोलल्या असत्या. दुसरा मार्ग म्हणजे जाऊबाईंना हळूच बाजूला नेऊन विचारायचं. बाजूला नेलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या का? कदाचित म्हणाल्या असत्या. नेमकं तेच मला नको होतं. म्हणून मी कात्री हातात धरून, बारा बायकांसमोर, मोठ्याने बोलले.

“ताई, एक वाव कमी पडतोय हो. आता कसं करायचं?”

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. कुणाला काहीच माहीत नव्हतं. वाव कसला, कुणाचा, काय ठरलेलं. फक्त आम्हा दोघींना. त्या दारात उभ्या होत्या, हाताला पीठ लागलेलं. त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. आयझिरेक लहान होती तेव्हा तिला उचलताना बघायच्या तसं अगदी शांतपणे पाहिलं.

“पोरीचं आहे,” त्या म्हणाल्या. “काप.”

आणि मी कापलं. तो मऊ वाव सगळ्यात शेवटच्या पट्ट्यात गेला, उमसुनच्या फळीसारख्या पट्ट्याच्या शेजारी. शिवणीला दोन बायका बसल्या, संध्याकाळपर्यंत जाजम तयार. जाऊबाई पीठ मळायला आत गेल्या होत्या, त्या परत बघायला आल्या नाहीत.

जुमगालला गाठोडी सोडली तेव्हा जाजमाचं फार कौतुक झालं. विहीणबाई गुडघ्यावर बसल्या आणि एकेका पट्ट्यावरून हात फिरवत गेल्या. शेवटच्या पट्ट्यावर त्यांचा हात मधेच थांबला, मागे आला, पुन्हा फिरला. त्यांनी विचारलं, एवढाच भाग वेगळा लागतोय, हा कुणी विणला? माझ्या शेजारी जाऊबाई बसल्या होत्या. मी म्हटलं, सगळं एकाच हातचं आहे. माझी मान ताठ, नाक वर, सगळ्या सभेत माझी वाहवा. परतीच्या वाटेवर गाडीत मीच बोलत होते, जाऊबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

तो हिवाळा गेला. वैशाख आला, दीर कुरणात गेले, पाटाला पाणी सुटलं. खुंट पडवीतच. मी दोनदा विचारलं, माग नाही का लावायचा? त्या म्हणाल्या, बघू. दिवसभर त्या टीव्हीपुढे असायच्या, आवाज इतका मोठा की माझ्या घरात बातम्या ऐकू यायच्या. म्हातारीच्या कानाला झालंय काय, म्हणून मी त्यांच्या दारावर ठोकायलाही गेले एकदा, आणि मग हात तसाच वर राहिला. मला एकदम उमगलं की हा आवाज कशासाठी आहे. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या चालू केल्या होत्या, तेही मला कुरणातून मीठपीठ न्यायला आलेल्या दिरांकडून कळलं.

त्या रात्री, खोटं कशाला बोलू, मी हमसून हमसून रडले. नवऱ्याने विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, गप झोपा.

मी बाई करणारी आहे, रडत बसणारी नाही. पुढच्या वैशाखात मी ठरवलं की जे मोडलं ते आपणच उभं करायचं. दोन गावं फिरून चांगली लोकर मिळवली, म्हाताऱ्यांकडून कडक पिळाची कातून घेतली. तपकिरी, पांढरी, करडी. दुकान तीन दिवस बंद ठेवलं. उमसुनला धरून पाटाच्या कडेला खुंट ठोकले, आणि ताणा लावला, बारा वाव, आधीचा होता तेवढाच. उमसुनला बजावलं की या मागाला तू हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे. रस्त्याच्या बाजूला मी पडदा लावला, जुन्या चादरींचा, म्हणजे येणारीजाणारी आत येऊन बसायला नको. खाली नवी घोंगडी घातली. मग जाऊबाईंना हाताला धरून आणलं.

“बसा ताई,” मी म्हटलं. माफी तेव्हाही मागितली नाही. मला वाटलं, माग पाहिला की कळेल त्यांना.

त्यांनी पडदा पाहिला, खुंट पाहिले. ताण्यावरून हात फिरवला, पीळ बघितला, मान हलवली. मग खाली बसल्या, रुमाल नीट केला, तलवार उचलून मांडीवर घेतली आणि वर माझ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात विचारलं,

“कधीपर्यंत हवंय तुला?”

मी म्हटलं, नाही हो ताई, कुणाचं काही नाही, हे तुमचं. तुम्ही बसा, उसवा, काय हवं ते करा, दहा वर्षं लावा. त्या हसल्या. तोंडभर हसल्या, पण कचेरीत असताना ‘थांबा, देते’ म्हणायच्या तसं. म्हणाल्या, असू दे गं, संकोचू नकोस, धाकटीचंही आता जमवायचंच असेल. मी पुन्हा सांगितलं. शपथ घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण माझ्या शपथेची किंमत त्यांना माहीत होती.

एकोणीस दिवसांत त्यांनी बारा वावांचा ताणा संपवला. रोज उजाडता बसायच्या, दुपारी उठायच्या, पुन्हा बसायच्या. एक ओळ उसवली नाही. पडद्याआडून नुसती ठोक-ठोक-ठोक ऐकू यायची, एका लयीत, घड्याळासारखी. मी खिडकीतून पाहायचे. चेहऱ्यावर काही नसायचं. काम चाललंय, एवढंच.

विसाव्या दिवशी त्यांनी स्वतःच पट्टा खुंटावरून सोडला, एक रात्र सैल ठेवला, मग मोजला आणि कापला. पाच पट्टे, अगदी सारखे. नीट घडी घालून माझ्या दारात घेऊन आल्या. मी चहा टाकते म्हटलं तर म्हणाल्या, नको, टीव्हीवर मालिका लागायची वेळ झाली. घडी माझ्या हातात दिली, वरून एकदा हात फिरवला, धूळ झटकतात तसा.

“दहाच्या वर थोडं निघालंय, ते शिवणीत जाईल,” त्या म्हणाल्या. “आणखी कुणाचं असलं तर सांग.”

आणि पाट ओलांडून आपल्या घरात गेल्या. मी ती घडी छातीशी धरून दारातच उभी राहिले. मला सांगायचं होतं, ताई, मला नको हे, मला तुमचा तो एक वाव परत द्यायचाय, आणि तो आता माझ्याकडे नाही, जुमगालला आयझिरेकच्या घरात पाहुण्यांच्या पायाखाली आहे. माझं तोंड, जे बाजारात कधी मिटत नाही, ते उघडलंच नाही. पलीकडे टीव्ही लागला, आणि मी दार लावून घेतलं.